तराजूशी इमान राखणारा रसायनशास्त्रज्ञ : आंत्वान लव्हॉझिए

जयसिंगपूर आणि शिरोळ तालुक्याच्या परिसरात वजनकाटा ही केवळ व्यापाऱ्याची वस्तू नाही. उसाने भरलेली गाडी कारखान्याच्या काट्यावर उभी राहते तेव्हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांचे मोल त्या एका आकड्यावर ठरत असते. उसात साखर किती आहे, हे उताऱ्याच्या टक्केवारीवरून ठरते. ऊसदराच्या मागणीसाठी भरणाऱ्या ऊस परिषदांमुळे जयसिंगपूरचे नाव महाराष्ट्रभर झाले आहे. त्या परिषदांमध्येही वजन आणि उतारा हे शब्द वारंवार ऐकू येतात. याच गावातील कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीचा विद्यार्थी प्रथमच ब्युरेट हाती घेतो, ०.१ मिलिलिटरपर्यंतचे वाचन नोंदवतो आणि सार्थ अंक म्हणजे काय, हे शिकतो. बाजारातला काटा आणि प्रयोगशाळेतला तराजू यांचे नाते त्या वयात सहसा लक्षात येत नाही. ते नाते ज्यांच्या आयुष्यात अतिशय उत्कटपणे आणि अखेरीस अतिशय दुःखदपणे प्रकट झाले, त्या आंत्वान लॉरां लव्हॉझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या जीवनाचा हा परिचय.

बालपण आणि गुरुकृपा

लव्हॉझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे एका सुखवस्तू कॅथलिक कुटुंबात झाला. वडील वकील होते. आंत्वान अवघे पाच वर्षांचे असताना आईचे निधन झाले. त्यानंतर आजी आणि अविवाहित मावशी यांनी त्यांचा मायेने सांभाळ केला. वयाच्या अकराव्या वर्षी ते पॅरिसच्या माझारँ महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना निकोला लुई द लाकाय हे गुरू लाभले. लाकाय हे चर्चच्या सेवेतील आबे होते आणि त्याचबरोबर त्या काळातील अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञही होते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन त्यांनी दक्षिण आकाशातील हजारो ताऱ्यांच्या स्थानांची मोजणी केली होती. आकाशातील कोन मोजताना अंशाचा लहानसा भाग चुकला तरी संपूर्ण गणित ढासळते. ही शिस्त त्यांनी आपल्या शिष्याच्या मनावर बिंबवली.

घराण्याच्या परंपरेप्रमाणे लव्हॉझिए यांनी कायद्याची पदवी घेतली. परंतु त्यांचे मन न्यायालयात रमले नाही. गीयोम फ्रांस्वा रुएल यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने त्यांनी ऐकली आणि भूगर्भशास्त्रज्ञ गेतार यांच्यासमवेत खडक व खनिजे यांचा अभ्यास करीत प्रवास केला. १७६५ मध्ये त्यांनी जिप्समवरील आपला पहिला शोधनिबंध विज्ञान अकादमीसमोर वाचला. जिप्सम तापवल्यावर त्यातून किती पाणी बाहेर पडते, हे त्यांनी वजन करून दाखवले होते. विषय साधा होता. परंतु त्यांच्या कार्याची दिशा त्यातच दिसून येते. पदार्थाचा रंग, वास आणि चव यांची वर्णने करण्यात त्या काळचे बहुतेक रसायनतज्ज्ञ गुंतलेले होते. या तरुणाने मात्र आधी वजन करा, मग बोला, असा परिपाठ घातला. १७६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते अकादमीचे सदस्य झाले.

एकशे एक दिवसांचा प्रयोग

पाणी दीर्घकाळ उकळत ठेवले तर भांड्याच्या तळाशी थोडी माती साचते. त्यामुळे पाण्याचे रूपांतर मातीत होते, अशी समजूत शतकानुशतके रूढ होती. ती तपासून पाहण्याचे लव्हॉझिए यांनी ठरवले. त्यांनी पेलिकन नावाचे काचेचे पात्र निवडले. या पात्रात वर गेलेली वाफ थंड होऊन पुन्हा खाली येते आणि बाहेर काहीही जात नाही. रिकाम्या पात्राचे वजन आणि पाण्यासह पात्राचे वजन त्यांनी काळजीपूर्वक नोंदवले, तोंड बंद केले आणि २४ ऑक्टोबर १७६८ ते १ फेब्रुवारी १७६९ असे १०१ दिवस ते मंद आचेवर ठेवले.

प्रयोग संपल्यावर बंद पात्राचे एकूण वजन पूर्वीइतकेच भरले. म्हणजे बाहेरून, अग्नीतून, काहीही आत शिरलेले नव्हते. मग त्यांनी पाणी ओतून घेतले, पात्र कोरडे केले आणि त्याचे वेगळे वजन केले. पात्राचे वजन १७.४ ग्रेनने घटले होते. फ्रेंच ग्रेन म्हणजे सुमारे ५३ मिलिग्रॅम. पाण्यात तरंगणारे घनकण ४.९ ग्रेन भरले आणि पाणी आटवल्यावर आणखी १५.५ ग्रेन घनपदार्थ मिळाला. माती पाण्यापासून झालेली नव्हती. काचच झिजून पाण्यात उतरली होती.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी. ४.९ आणि १५.५ यांची बेरीज २०.४ होते, तर काचेची घट १७.४ आहे. म्हणजे तीन ग्रेनची तफावत राहिली. एखाद्याने ती झाकून ठेवली असती. निष्कर्ष तर मनासारखा आलाच होता. लव्हॉझिए यांनी ती तफावत निबंधात नमूद केली आणि पाणी आटवताना वापरलेल्या दुसऱ्या भांड्यांच्या काचेतूनही थोडा अंश आला असावा, असे तिचे कारण सुचवले. आकडा जुळत नसेल तर तो आकडा बदलायचा नाही, कारण शोधायचे, हा प्रयोगशाळेतील सचोटीचा पहिला नियम त्यांनी पाळला.

सहधर्मचारिणी

१६ डिसेंबर १७७१ रोजी लव्हॉझिए यांचा विवाह मारी आन पोल्झ हिच्याशी झाला. त्या वेळी ती चौदा वर्षांचीही नव्हती. आजच्या काळात असा विवाह कोणीही योग्य मानणार नाही. त्या समाजात मात्र तो रूढ होता. वयाने लहान असलेली ही पत्नी पुढे त्यांच्या कार्याची खरी भागीदार झाली. लव्हॉझिए यांना इंग्रजी येत नव्हते. म्हणून तिने इंग्रजी शिकून इंग्लंडमधील रसायनतज्ज्ञांचे लेखन फ्रेंचमध्ये आणले. चित्रकार दाव्हिद यांच्याकडे तिने चित्रकलेचे धडे घेतले आणि पतीच्या ग्रंथातील उपकरणांच्या आकृत्या स्वतः काढल्या. प्रयोग चालू असताना नोंदवही तिच्याकडे असे. दाव्हिद यांनी १७८८ मध्ये रंगवलेले या दांपत्याचे भव्य चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

१७७५ मध्ये लव्हॉझिए यांची शासकीय दारूगोळा विभागावर नेमणूक झाली. पुढील वर्षी ते पॅरिसच्या शस्त्रागारातील निवासस्थानी राहावयास गेले आणि तेथे त्यांनी युरोपातील एक अत्यंत सुसज्ज प्रयोगशाळा उभारली. दिवसभर शासकीय कामे आणि सकाळी सहा ते नऊ व सायंकाळी सात ते दहा विज्ञान, असा त्यांचा दिनक्रम होता. आठवड्यातील एक संपूर्ण दिवस केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेला असे. फोर्तँ आणि मेन्ये या कुशल कारागिरांकडून त्यांनी आपले तराजू बनवून घेतले. मोठ्या, मध्यम आणि अगदी लहान वजनांसाठी त्यांनी वेगवेगळे तराजू ठेवले होते. ज्या काट्यावर पोती तोलतात त्यावर सोने तोलत नाहीत, हे आपल्याकडचा सराफही जाणतो.

जळणे म्हणजे काय?

त्या काळी जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लोजिस्टन नावाचे एक द्रव्य असते आणि ज्वलनात ते बाहेर पडते, असे मानले जात असे. या मताला एक अडचण होती. धातू तापवला की त्याचे भस्म होते आणि भस्माचे वजन मूळ धातूपेक्षा जास्त भरते. काही बाहेर पडल्यावर वजन वाढावे कसे? गंधक आणि फॉस्फरस यांचे वजनही जळताना वाढते, हे लव्हॉझिए यांनी तपासले आणि १ नोव्हेंबर १७७२ रोजी आपले टिपण मोहोरबंद करून अकादमीच्या स्वाधीन केले.

ऑक्टोबर १७७४ मध्ये इंग्लंडचे जोसेफ प्रीस्टली पॅरिसला आले होते. पाऱ्याचे तांबडे भस्म तापवल्यावर एक असा वायू मिळतो की त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळते, हे त्यांनी भोजनप्रसंगी लव्हॉझिए यांना सांगितले. स्वीडनचे शेले यांनाही हा वायू स्वतंत्रपणे सापडला होता. या दोघांचे ऋण लव्हॉझिए यांनी मोकळ्या मनाने मान्य केले नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप इतिहासाने खरा ठरवला आहे. मात्र त्या वायूचा अर्थ त्यांनीच लावला, हेही तितकेच खरे.

त्यांचा पाऱ्याचा प्रयोग रसायनशास्त्राच्या इतिहासात अमर झाला. चार औंस पारा त्यांनी वाकड्या मानेच्या पात्रात घेतला. त्याला जोडलेल्या बंद जागेत ५० घन इंच हवा होती. पारा उत्कलनबिंदूच्या आसपास सतत बारा दिवस तापवला. दुसऱ्या दिवसापासून त्यावर तांबडे कण दिसू लागले. अखेरीस हवा ४२ ते ४३ घन इंच उरली. तिच्यात मेणबत्ती विझली आणि प्राणी गुदमरले. तांबडे भस्म गोळा केले तेव्हा ते ४५ ग्रेन भरले. ते अधिक उष्णतेवर तापवल्यावर ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घन इंच वायू मिळाला. हा वायू उरलेल्या हवेत मिसळला तेव्हा पुन्हा पूर्वीसारखी हवा तयार झाली. जे हवेतून गेले होते तेच भस्मात सापडले आणि भस्मातून निघून पुन्हा हवेत मिळाले. या वायूला त्यांनी पुढे ऑक्सिजन हे नाव दिले. आपण त्याला प्राणवायू म्हणतो.

अकरावीच्या विद्यार्थ्याला आज हाच हिशेब कागदावर करून पाहता येईल. ४५ मधून ४१.५ वजा केले की ३.५ ग्रेन ऑक्सिजन उरतो, म्हणजे भस्माच्या सुमारे ७.८ टक्के. आजच्या अणुवस्तुमानांप्रमाणे पारा २००.६ आणि ऑक्सिजन १६.० धरला तर भस्माचे सूत्रवस्तुमान २१६.६ होते. त्यात ऑक्सिजन सुमारे ७.४ टक्के असतो आणि ४५ ग्रेनमध्ये तो ३.३ ग्रेन यायला हवा. लव्हॉझिए यांचे उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी चुकले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या उपकरणांनी एवढी जवळीक साधली, याचे कौतुक वाटते.

तरीही या हिशेबातील एक धोका समजून घेतला पाहिजे. वजन अर्ध्या ग्रेनपर्यंतच खात्रीचे आहे असे मानले, तर ४५ मध्ये अर्धा ग्रेन म्हणजे एक टक्का. तेवढी शंका क्षम्य वाटते. पण वजाबाकीनंतर उरलेल्या ३.५ मध्ये तोच अर्धा ग्रेन म्हणजे एक सप्तमांश. खरे उत्तर ३ ते ४ ग्रेनच्या दरम्यान कोठेही असू शकते. दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की मूळची लहान शंका अचानक मोठी होते. म्हणूनच कॅल्क्युलेटरवर ७.७७७७७८ असा आकडा आला तरी तो तसाच उतरवणे हे अचूकतेचे लक्षण नव्हे. तो केवळ अचूकतेचा आभास होय.

फाजील दशांशांचा दोष

या दोषापासून लव्हॉझिए स्वतःही मुक्त नव्हते. पाणी हे मूलतत्त्व नसून दोन वायूंच्या संयोगाने बनते, हे इंग्लंडच्या कॅव्हेंडिश यांच्या प्रयोगांतून पुढे येत होते. लव्हॉझिए आणि लाप्लास यांनी जून १७८३ मध्ये तो संयोग घडवला. १७८५ च्या फेब्रुवारीअखेरीस म्यूनिए यांच्यासह त्यांनी अनेक मान्यवरांसमोर पाण्याचे विघटन आणि पुन्हा संयोग असा दुहेरी प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून दाखवला. त्यांच्या हिशेबाने पाण्यात वजनाने ऑक्सिजन ८५ भाग आणि हायड्रोजन १५ भाग होता. आजचे प्रमाण सुमारे ८८.८ आणि ११.२ असे आहे. हायड्रोजन अतिशय हलका असल्याने त्याचे वजन करणे कठीण होते. त्यांच्या निबंधांत मात्र आकड्यांच्या लांबच लांब रांगा असत. जो प्रयोग शेकडा काही भागांनी चुकू शकतो, त्याचे उत्तर इतक्या दशांश स्थळांपर्यंत देणे योग्य नाही, अशी टीका इंग्लंडचे विल्यम निकोल्सन यांनी केली. ती टीका रास्त होती. सार्थ अंकांचा जो नियम आज पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येतो, त्यामागे असे वाद झालेले आहेत.

नेमकेपणा आणि अचूकता यांतील भेदही येथे स्पष्ट होतो. एकच वजन दहा वेळा केले आणि दहाही वेळा तेच आले, तर काटा नेमका आहे. परंतु काटाच मुळात चुकीच्या ठिकाणी स्थिर केलेला असेल तर दहाही वजने सारखीच चुकीची असतील. बाजारात फसवणूक करणारा काटा बहुधा असाच नेमका असतो; तो दरवेळी तेवढेच कमी दाखवतो. म्हणूनच प्रमाणित वजनाशी ताडून पाहिल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवता येत नाही.

साखरेचा हिशेब

१७८९ मध्ये लव्हॉझिए यांचा रसायनशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. तिच्यात प्रकाश आणि उष्णता यांनाही स्थान दिलेले होते, ही चूक पुढे सुधारली गेली. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच, हे त्यांचे मतही टिकले नाही. परंतु त्या ग्रंथातील साखरेच्या किण्वनाचे प्रकरण उसाच्या प्रदेशातील वाचकाने विशेष आस्थेने वाचावे असे आहे.

साखर, पाणी आणि यीस्ट एकत्र ठेवले की साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर होते. लव्हॉझिए यांनी शंभर पौंड साखरेच्या हिशेबाने आत गेलेले आणि बाहेर आलेले सर्व काही एका ताळेबंदात मांडले. हिशेबनिसाच्या खतावणीत जमा आणि खर्च जुळावेत, तसे क्रियेपूर्वीचे आणि क्रियेनंतरचे पदार्थ वजनाने समान असलेच पाहिजेत, हे तत्त्व त्यांनी येथे स्पष्ट शब्दांत मांडले. निसर्गाच्या क्रियांत नवे द्रव्य निर्माण होत नाही आणि असलेले नाहीसे होत नाही, केवळ रूप पालटते. द्रव्याच्या अक्षय्यतेचा हा नियम रासायनिक समीकरणांचा पाया ठरला.

त्यांचे या प्रकरणातील सर्व आकडे आजच्या मोजणीशी जुळत नाहीत. आज आपण असे म्हणतो की ३४२ ग्रॅम ऊससाखर आणि १८ ग्रॅम पाणी यांपासून सैद्धांतिकदृष्ट्या १८४ ग्रॅम अल्कोहोल आणि १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. दोन्ही बाजूंची बेरीज ३६० येते. मळीपासून इथेनॉल बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्याचा हिशेब याच समीकरणापासून सुरू होतो. प्रत्यक्षात उत्पादन याहून कमी येते आणि तूट कोठे गेली, हे शोधणे रसायनतज्ज्ञाचे काम ठरते.

उताऱ्याचेही तसेच आहे. ११.५ टक्के उतारा म्हणजे एक टन उसातून ११५ किलो साखर. मोजणीत केवळ ०.१ ची चूक झाली तर टनामागे एक किलो साखरेचा फरक पडतो. दहा लाख टन गाळपावर तो एक हजार टन होतो. दशांश चिन्हानंतरचा एक अंक किती घरांच्या चुलीशी निगडित असतो, हे यावरून दिसते.

सर्वांसाठी एक माप

फ्रान्समध्ये त्या काळी प्रांतोप्रांती वेगळी मापे होती. पॅरिसच्या एका पौंडाचे १६ औंस, औंसाचे ८ ग्रो आणि ग्रोचे ७२ ग्रेन, म्हणजे एकूण ९,२१६ ग्रेन होत. आपल्याकडील मण, शेर, छटाक आणि तोळा, मासा, गुंज यांचा हिशेब ज्यांनी घोकला आहे, त्यांना ही कटकट ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनी निदान पौंडाचे दशांश भाग करून वजने द्यावीत, असा आग्रह लव्हॉझिए यांनी आपल्या ग्रंथात धरला आणि त्यासाठी रूपांतराचे तक्तेही दिले.

राज्यक्रांतीनंतर सर्व लोकांसाठी एकच दशमान पद्धत ठरवण्याचे काम अकादमीकडे आले. ठरावीक आकारमानाच्या शुद्ध पाण्याचे वजन निश्चित करण्याची जबाबदारी लव्हॉझिए आणि आबे रने झ्युस्त आउई यांच्यावर सोपवण्यात आली. आउई हे कॅथलिक धर्मगुरू होते आणि स्फटिकशास्त्राचे जनक मानले जातात. या दोघांच्या मोजणीवरून १७९३ मध्ये नव्या एककाचे वजन १८,८४१ ग्रेन असे तात्पुरते ठरले. १७९९ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी अधिक काळजीपूर्वक मोजणी करून अंतिम किलोग्रॅम १८,८२७.१५ ग्रेनचा ठरवला. म्हणजे किलोमागे सुमारे पाऊण ग्रॅमचा फरक. भारतात मापे आणि वजने यांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. त्यांच्या मुळाशी पॅरिसमधील ही मोजणी आहे.

कराचे पारडे आणि अखेर

लव्हॉझिए यांच्या जीवनाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. १७६८ मध्ये, ज्या वर्षी ते अकादमीत आले त्याच वर्षी, त्यांनी करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या खासगी कंपनीत भाग विकत घेतला. मीठ, तंबाखू आणि शहरात येणारा माल यांवरील कर ही कंपनी राजाच्या वतीने वसूल करी आणि तिचे भागीदार धनवान होत. गरिबांना मिठासाठीही जड कर द्यावा लागे. मालाची चोरटी आयात थांबावी म्हणून पॅरिसभोवती जी भिंत उभारण्यात आली, तिच्या कल्पनेशी लव्हॉझिए यांचे नाव जोडले गेले आणि लोकांचा रोष त्यांच्यावर ओढवला. प्रयोगशाळेच्या महागड्या तराजूंना लागणारा पैसा याच उत्पन्नातून येत होता, ही बाब नजरेआड करता येणार नाही.

व्यक्ती म्हणून ते निर्दय नव्हते. ब्लुआजवळील आपल्या शेतीवर त्यांनी पीक, खत आणि जनावरे यांचे वर्षानुवर्षे हिशेब ठेवून सुधारणा करून पाहिल्या. १७८८ च्या टंचाईत ब्लुआ आणि रोमोरांताँ या गावांना धान्यखरेदीसाठी त्यांनी बिनव्याजी कर्ज दिले. परंतु व्यक्तीचे औदार्य आणि व्यवस्थेचा अन्याय ही दोन वेगळी पारडी असतात. एकातले वजन दुसऱ्यात टाकता येत नाही.

ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमी बंद करण्यात आली. नोव्हेंबरच्या अखेरीस करमक्तेदारांच्या अटकेचा हुकूम निघाला तेव्हा लव्हॉझिए स्वतःहून स्वाधीन झाले. वजन-माप आयोगाचे काम त्यांच्यावाचून अडले आहे, असे सांगून त्यांच्या सुटकेसाठी लेखी विनंती करण्याचे धैर्य बोर्दा आणि आबे आउई यांनी दाखवले. आउई स्वतः धर्मगुरू असल्याने १७९२ मध्ये तुरुंगात जाऊन आलेले होते. त्या दिवसांत कैद्याची बाजू घेणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे होते. अनेक प्रतिष्ठित सहकारी मौन बाळगून राहिले. ही विनंती फेटाळण्यात आली आणि थोड्याच दिवसांत बोर्दा यांच्यासह काही सदस्यांना आयोगातून काढून टाकण्यात आले.

मक्तेदारांवरील आरोपांपैकी एक आरोप येथील वाचकांना सहज कळेल. निपाणी आणि जयसिंगपूर हा तंबाखूच्या व्यापाराशी परिचित असलेला भाग आहे. तंबाखूत पाणी मुरवून तिचे वजन वाढवले आणि लोकांना पाण्याचे पैसे द्यायला लावले, असा तो आरोप होता. तंबाखूवर प्रक्रिया करताना काही प्रमाणात ओलावा द्यावाच लागतो. तो किती असावा, एवढाच खरा प्रश्न होता. तो प्रश्न तराजू आणि सुकवण्याची भट्टी यांनी सोडवता आला असता. लव्हॉझिए यांनी तर तरुणपणी तंबाखूतील भेसळ शोधण्याचे काम केले होते. ज्यांनी आयुष्यभर वजनाची शुद्धता सांभाळली, त्यांच्यावर अखेरीस खोट्या वजनाचा ठपका आला. मात्र न्यायासनापुढे कोणाचाही हिशेब तपासला गेला नाही. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी लव्हॉझिए, त्यांचे सासरे झाक पोल्झ आणि इतर मक्तेदार अशा २८ जणांचा शिरच्छेद करण्यात आला. लव्हॉझिए पन्नास वर्षांचे होते. त्यांचा देह सामुदायिक खड्ड्यात पुरण्यात आला. त्यांची कबर कोठेही नाही.

व्यवस्था अन्यायी होती, म्हणून तिच्यातील प्रत्येकाचा अपराध न तोलताच शिक्षा देणे हा न्याय ठरत नाही. लव्हॉझिए यांच्या खटल्यात साक्ष होती, घोषणा होत्या, संताप होता. नव्हते ते फक्त मोजमाप.

मागे उरलेला वारसा

पिता आणि पती यांना एकाच दिवशी गमावलेल्या मारी आन यांनाही काही काळ तुरुंगवास घडला. जप्त झालेली उपकरणे आणि कागदपत्रे त्यांना १७९५ मध्ये परत मिळाली. पतीचे अपूर्ण राहिलेले लेखन त्यांनी चिकाटीने प्रसिद्ध केले. १८०५ मध्ये त्यांनी काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाशी विवाह केला; तो टिकला नाही. लव्हॉझिए हे नाव त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. १८३६ मध्ये त्यांचे निधन झाले. लव्हॉझिए यांचे तराजू आज पॅरिसच्या कला व तंत्र संग्रहालयात जतन केलेले आहेत.

त्यांनी घडवलेले रसायनशास्त्र शंभर वर्षांच्या आत आपल्या भाषेतही आले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथरचना केली. परक्या देशातील प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ज्ञान करवीरच्या विद्यार्थ्याला मायबोलीत वाचता आले. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमचे एकक धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिलेले नाही. ते निसर्गाच्या स्थिरांकावरून ठरते आणि मोल म्हणजे ६.०२२१४०७६ × १०२३ (दहाचा तेविसावा घात) कण, असे निश्चित झाले आहे. मापे अधिकाधिक सूक्ष्म होत आहेत. परंतु त्यांच्यामागील नीती तीच आहे.

ती नीती थोडक्यात अशी सांगता येईल. मोजण्यापूर्वी निष्कर्ष काढू नये. मोजल्यावर जेवढी खात्री आहे तेवढेच अंक लिहावेत. तफावत आली तर ती लपवू नये. आपला काटा अधूनमधून दुसऱ्याच्या प्रमाणित वजनाशी ताडून घ्यावा. घेण्याचे माप आणि देण्याचे माप एकच असावे. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याने, काट्यावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याने, दुकानदाराने आणि निकाल देणाऱ्या प्रत्येकाने हे पाळले, तर तीन ग्रेनचीही तफावत न लपवणाऱ्या या माणसाच्या श्रमांचे चीज झाले, असे म्हणता येईल.